झाकण मिटलं तरी चालू

त्या हिवाळ्यात मामानं आपला सगळा कापूस आमच्या मारेगावच्या घरात आणून भरला आणि मी माझ्याच घरात आंधळी झाले. हसू नका. डोळे तर मी तीन वर्षांची असतानाच गेले, गोवर आला आणि घेऊन गेला, त्याचं मला आता फारसं काही वाटत नाही. पण घरात मला कधी अडलं नव्हतं. पायातली चप्पल फरशीवर वाजली की तो आवाज भिंतीला लागून परत येतो. दार कुठं उघडं आहे, कपाट कुठं आहे, माणूस कुठं उभा आहे, सगळं त्यावरून कळतं. कापूस आवाज खातो. समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस, मधल्या खोलीत कमरेएवढा, आणि मधून जायला हातभर वाट. चप्पल कितीही वाजवली तरी काहीच परत यायचं नाही. दोनदा मी पेटत्या चुलीत पाय घालता घालता वाचले. अंगाला खाज सुटायची ती वेगळीच, साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि ते घरभर चावतात. तिखट भुरका लावून भाकर खाताना घासाबरोबर एखादा तंतू तोंडात यायचाच. मी थू थू केलं की माय म्हणायची, "खाय वं, कापूसच तं आहे, इख नाही." भाव आला की विकू, असं मामा म्हणत होता आणि भाव काही येत नव्हता. त्याच्या घराच्या भिंती कुडाच्या, आमचं घर पक्कं, शिवाय बाबा कापसाच्या जिनातले, कापसाची आग त्यांना कळते, म्हणून कापूस आमच्याकडे. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या भागात कोणाच्या घरातून रडण्याचा आवाज आला की कोणी कारण विचारत नसे. माय पदर खोचून निघून जायची आणि परत आली की हातपाय धुवायची.

बाबा गावाबाहेरच्या जिनात फिटर होते. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या त्या मशीनींचा आवाज इतका, की पहिल्या दहा-बारा वर्षांतच त्यांचे कान गेले. मायही तिथंच रेजा होती, मशीनच्या तोंडाशी कापूस लोटणाऱ्या बायांना रेजा म्हणायचे. मी सहा वर्षांची झाले तशी मला अंधशाळेच्या वसतिगृहात टाकलं, ते दहावीपर्यंत. सुटीत घरी आले की एक गोष्ट मला फार खुपायची. आमच्या घरात बोलणंच नव्हतं. शेजारचे नवराबायको भांडायचे, खिदळायचे, आमच्याकडे नुसता भांड्यांचा आवाज, स्टोव्हचा आवाज, आणि रविवारी सकाळी मेणबत्ती लावून तिघांनी म्हटलेली वंदना. मायबाबा एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. बाबांना ऐकू येत नाही आणि मायला ओरडायचा कंटाळा आलाय, असं मी धरून चालले होते. मला काही सांगायचं असलं की मी बाबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची, आणि ते जरा मागं सरकायचे. आणि राग आला की त्यांच्या समोरच बसून हळू आवाजात वाट्टेल ते बोलायची. राग मला लवकर येतो, आजही येतो. बहिऱ्या बापाचा एवढा तरी फायदा, असं मी मैत्रिणींना मोठ्या ऐटीत सांगत असे.

मग जिन बंद पडलं. सकाळचा भोंगा बंद झाला, तेव्हा कोंबडं मेल्यासारखं वाटलं गावाला. त्याच सुमारास माझंही सगळं थांबत आलं होतं. मी कॉलेजला नाव घातलं होतं, शेजारची पौर्णिमा मला पुस्तकं वाचून दाखवायची, तिचं लग्न झालं आणि ती राजूरला गेली. ब्रेलमध्ये बी.ए.चं एकही पुस्तक नाही. मी दिवसभर कापसाला टेकून बसायची. अशात आमच्या अंधशाळेच्या सरांनी निरोप पाठवला. यवतमाळच्या एका संस्थेत दृष्टिहीन मुलामुलींना वर्षभर कॉम्प्युटर शिकवणार, राहायची सोय करणार आणि पुढं तिथंच टायपिंगच्या कामाला लावणार. परीक्षा एकच: ऐकलेलं पत्र टाइप करून दाखवायचं. पण मशीन आपली आपण आणायची, बोलणारी. संस्थेकडं तेव्हा तशी एकही नव्हती, आणि पुढं वर्षभर शिकायलाही तीच लागणार होती. मला ती जागा हवी होती, काय वाट्टेल ते करून हवी होती. ती गेली असती तर त्या कापसाला टेकून जन्म जाणार होता आणि हे मला अगदी स्पष्ट कळत होतं. बाबांच्या कानाशी ओरडून मी हे सांगितलं.  जिन बंद झालं तेव्हा जे काही पैसे हातात पडले होते ते घेऊन दुसऱ्या दिवशी बाबा मला यवतमाळला घेऊन गेले.

दुकानदाराची मला अजून चीड येते. भला माणूस असेल, पण माझ्याशी एक शब्द बोलेना. "काका, हा डिस्प्ले पहा, काय कलर आहे! ताईला कोणता रंग आवडेल?"  मीच म्हटलं, "भाऊ, रंगाले मी काय चाटू? कळा दाखवा." मग मी एकेका लॅपटॉपवरून हात फिरवायला लागले. सरांनी मला सगळं पढवून पाठवलं होतं. एफ आणि जे या दोन अक्षरांवर बोटाला लागेल असा उंचवटा पाहिजे. कळांमध्ये फट पाहिजे, गुळगुळीत सपाट नको. बाणाच्या चार कळा वेगळ्या, बाकीच्यांत घुसलेल्या नकोत. आवाज वाढवायची कळ बाहेरून हाताला सापडली पाहिजे, कारण आवाज गेला की आपलं सगळंच गेलं. हेडफोनचं भोक पुढं किंवा बाजूला, मागं नको. आणि बॅटरी टिकाऊ, आमच्याकडे वीज दिवसातून कितीदा जायची याला धरबंद नव्हता. सगळ्यात महागडं, पातळ असं एक दुकानदारानं हातात दिलं, मी लगेच परत केलं. शेवटी एक जाड, जड, जुन्या घडणीचं निवडलं. बाबांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, खालच्या झडपेवर नख फिरवलं, कानाशी धरून हलवलंसुद्धा. बहिरा माणूस, काय ऐकणार होता कोण जाणे. मग म्हणाले, "वजनदार आहे. घे."

नवी मशीन बोलत नसते, हे लोकांना माहीत नसतं. आता खिशातला फोनसुद्धा उघडताक्षणी बोलायला लागतो, तेव्हा तसं नव्हतं. सरांनी दिलेल्या सीडीतला प्रोग्राम आधी आत चढवायचा, तो चढला की मग मशीन पडद्यावरचं वाचून दाखवणार, आणि चढेपर्यंत पडद्यावर काय लिहिलंय ते कोणीतरी डोळसानं सांगायचं. आमच्या घरचे डोळस म्हणजे बाबा. शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी अक्षरं तेवढी मशीनच्या पाट्या आणि पार्टांचे नंबर वाचून आलेली. तो दिवस मी विसरायची नाही. कापसाच्या वाटेत चटई टाकून आम्ही दोघं बसलो, ते एकेक अक्षर म्हणायचे, "एन. ई. एक्स. टी." मी ओरडायची, "नेक्स्ट! एंटर मारा, बाबा, मोठी कळ!" मग, "आय. ए. जी. आर. डबल ई." मी मनात जुळवायची. एकदा त्यांनी आय ला एल म्हटलं आणि आम्ही अर्धा तास भलत्याच ठिकाणी भटकलो. माय मध्येच येऊन तुरीच्या सोल्यांची भाजी आणि भाकर ठेवून गेली, ती तशीच गार झाली. आणि मग एकदम एक बाप्या नाकातून बोलायला लागला. हिंदीवाला आवाज होता, मराठी वाचताना 'ळ' म्हणता येईना, कळंबला कलंब म्हणायचा. तरी मी ओरडले, "बोल्लं! बाबा, बोल्लं!" बाबांनी मशीनवर तळहात ठेवला. "थरथरते थोडं," म्हणाले. तेवढंच त्यांच्या वाट्याला आलं.

पुढचे पंधरा दिवस मी ते डबडं खाली ठेवलं नाही. बोलण्याचा वेग वाढवत वाढवत इतका नेला की मायला ती नुसती माशीची गुणगुण वाटे. वीज वाचवायची म्हणून पडदा मी कायमचा काळा करून ठेवला, मला तो हवा कशाला? लांबलचक काही ऐकायचं असलं की झाकण मिटून, उशाशी ठेवून, हेडफोन लावून पडायची. झाकण मिटलं की मशीन झोपते, तर तेही मी आत जाऊन बदलून टाकलं: झाकण मिटलं तरी चालू. हे सगळं माझं मी शोधून केलं होतं आणि त्याचा मला भारी गर्व होता. पण घरात कोणाला सांगितलं नाही. कशाला सांगायचं, त्यांना काय कळणार, असंच माझं होतं. आता केस पांढरे झालेत असं लोक सांगतात, आणि अजून मला त्या न सांगण्याची लाज वाटते.

परीक्षा सोमवारी होती. शनिवारी दुपारी बऱ्याच वेळानं वीज आली, मी वायर लावली, झाकण मिटून एक मोठा उतारा ऐकत पडले. मायनं जेवायला हाक मारली. हेडफोन काढून ठेवले, उठले, जेवले आणि मागच्या अंगणात डोकं धुवायला गेले. इकडे मायनं मधली खोली झाडायला घेतली. मशीनचं झाकण मिटलेलं, उजेड नाही, आवाज नाही. एक बारीक हिरवा दिवा लागलेला होता म्हणे, पण टीव्ही बंद केला तरी त्याचा दिवा राहतोच की. तिला वाटलं, पोरीनं बंद करून ठेवलं, फोनसारखं भरू दे. आणि नवी वस्तू, तिच्यावर रुई बसायची, कोणाचा पाय पडायचा, म्हणून तिनं ती माझ्या लोकरीच्या शालीत नीट गुंडाळली आणि कापसातच एक खळगा करून त्यात ठेवली. वायरीसकट. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. आमच्याकडे जपायची वस्तू अशीच जपतात.

मी केस पुसत होते तेव्हा बाबा बाहेरून आले. दारातच थांबले. मला काहीसुद्धा वास येत नव्हता, आणि माझं नाक काही कमी नाही. "वंदे, भाईर निघ!" मी आतच आहे असं समजून ते माझ्या नावानं असे ओरडले की मी जागच्या जागी खिळले. मग वायर ओढल्याचा आवाज, आणि मग बादली. एक. दुसरी. जिनातला नियमच होता तो, बाबा नेहमी सांगायचे: कापसात वास आला की आधी खटका पाडा, मग पानी, मग विचार. कापूस आतल्या आत धुमसतो, वरून दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. तेवढं करून ते अंगणात आले आणि माझ्या हातात काहीतरी ठेवलं. जड, गरम, आणि त्याच्यातून पाण्याची धार माझ्या पायावर पडत होती.

मला काय झालं ते मला सांगता येणार नाही, म्हणजे सांगता येतं, पण सांगायला नको वाटतं. मी खाली बसले. बाबा समोर उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. आणि मी, नेहमीसारखी, हळू आवाजात बोलले. "हा मानूस जिनातच मेला असता तं बरं झालं असतं. बहिऱ्याच्या घरी आंधळी. मले जन्माले तरी कायले घातलं."

 अंगणात ठिबकत राहिलं. मग बाबा म्हणाले, रागानं नाही, खरंच विचारावं तसं, "मी मेलो असतो तं तुले ते घेऊन कोनं देल्लं असतं, वं?"

मी दगड झाले. मायनं माझ्या खांद्याला धरलं. मी म्हटलं, "माय, यायले ऐकू आलं?" माय म्हणाली, "ऐकू कायचं येते? पाह्यलं त्यायनं. जिनात कोनाले ऐकू येते, बाई? तिथं समदे ओठ पाहूनच बोलतात. आम्ही घरीबी तसेच बोलतो नं, आवाज न काढता." मी विचारलं, मला का नाही कोणी सांगितलं? तर म्हणाली, "तुले माहीत नाही हेच आमाले माहीत नोतं." म्हणजे ते दोघं बोलत होते. इतकी वर्षं, रोज, माझ्या डोक्यावरून बोलत होते, हसतही असतील. मी कानाशी गेले की बाबा मागं सरकत ते माझं तोंड दिसावं म्हणून. आणि मी लहानपणापासून तोंडातल्या तोंडात त्यांना जे जे म्हटलं होतं, ते सगळं त्यांनी वाचलेलं होतं. मग मायनं ती शाल आणून माझ्या हातात दिली आणि माझं बोट धरून एका भोकातून आरपार घातलं. कडा कडक झाल्या होत्या, जळक्या. आणखी थोडा वेळ गेला असता तर मामाचा कापूस, घर, आणि मागच्या अंगणात केस पुसत उभी असलेली मी, काय उरलं असतं ते सांगता येत नाही.

रविवारी बाबांनी मशीन उघडली. अंगणात उन्हात कागद पसरून एकेक स्क्रू, एकेक पट्टी क्रमानं मांडली, रुईच्या बोळ्यानं टिपली. जिनातली मोठाली धुडं खोलणारी ती बोटं, त्या नखाएवढ्या स्क्रूंना कशी धरत होती कोण जाणे. मी शेजारी बसून होते. तोंड उघडायची भीती वाटत होती, कारण त्यांचे डोळे कुठं आहेत ते मला कळत नव्हतं. माफी मागायची होती. उद्या मागू, मशीन चालू झाली की मागू, असं करत राहिले. संध्याकाळी त्यांनी सगळं जुळवलं आणि बटण दाबलं. आतला पंखा फर्रकन फिरला आणि थांबला. "फिरला," मी ओरडले. त्यांनी तळहात ठेवून पाहिला असणार. म्हणाले, "फिरला खरा. जाऊ आपन."

यवतमाळला संस्थेतल्या परीक्षेच्या खोलीत आम्ही दहा-बाराजण होतो. सगळीकडून मशीनी बोलत होत्या, कोणाची हळू, कोणाची भरभर, कळांचा पाऊस लागला होता. माझ्यासमोरची तेवढी गप्प. बाबा माझ्या मागं उभे राहून बटण दाबत होते. दाबायचे, थांबायचे, परत दाबायचे. तिथल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी बराच वेळ वाट पाहिली, मग म्हणाल्या, "काका, राहू द्या आता." बाबा मशीनकडं पाहत होते, त्यांना कसं समजणार? ते दाबत राहिले. बाई पुन्हा म्हणाल्या. खोलीतली टकटक हळूहळू थांबली, सगळी मुलं ऐकायला लागली असावीत त्या एका बटणाचा आवाज. शेवटी मीच त्यांचं मनगट धरलं. बाई मला म्हणाल्या, पुढच्या तुकडीला नक्की ये. पुढची तुकडी कधी निघाली नाही.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले, मांडीवर ती पिशवी. मी शेजारी. गाडीत गर्दी होती, इंजिनाची घरघर, कोणाचं तरी लेकरू किरकिरत होतं, कोणी आमच्याकडं लक्ष देत नव्हतं. मी त्यांच्याकडं तोंड केलं आणि बोलायला लागले. म्हटलं, बाबा, चूक माझी आहे, झाकण मिटलं तरी ती चालू राहते हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, तुम्ही घर वाचवलं, मला वाचवलं, आणि मी तुम्हाला असं बोलले. म्हटलं, मरायचं बोलले ते खोटं आहे, तुम्ही नसते तर मी काय केलं असतं? लहानपणापासूनचं एकेक आठवून आठवून सांगत गेले, कधी काय पुटपुटले होते, ते सगळं. रडतही होते थोडी. करंजीचा थांबा मागं गेला तरी माझं संपलं नव्हतं. ते काही बोलले नाहीत, मला वाटलं, त्यांनाही भरून आलं असेल. मारेगाव येईपर्यंत मी अगदी हलकी झाले होते. बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले, म्हणजे तेच सगळं पुन्हा बोलायला माझ्याकडं नऊ वर्षं होती.

स्टँडवर उतरलो. त्यांनी माझा हात आपल्या दंडावर ठेवला आणि म्हणाले, "रस्ताभर म्या खिडकीतून भाईरच पाहत होतो. काय कापूस पडून आहे वं वावरायत. तू लय चूप होती, झोप लागलती का?"

मी त्यांच्याकडं तोंड वर केलं. "हो बाबा," मी म्हणाले, "झोप लागलती." ते त्यांना बरोबर समजलं.